सरासरीचा पाऊस आहुप्यात पडत नाही

घोडेगाव सोडून पश्चिमेला निघाले की रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत सह्याद्रीच्या धारेकडे चढतो आणि आहुप्याला येऊन थांबतो. पुढे गाडीवाट नाही, कडा आहे. कड्याखाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. घोड नदी याच परिसरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेला मिळते. तिच्या काठाकाठाने आंबेगाव तालुका ओलांडला तर भातखाचरे मागे पडतात, बटाटा-कांद्याची शेते लागतात आणि पावसाचा हिशेबच बदलतो. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर कोसळणारा पाऊस तालुक्याच्या पूर्व टोकाला शेकड्यांत मोजावा लागतो. असा उतार सह्याद्रीत सगळीकडे आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथून अवघ्या १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याचा साधारण तिसरा हिस्सा, आणि घाट उतरून वाईला आले की सातशेच्या आसपास. आता या तिन्ही ठिकाणांची बेरीज करून तिनाने भागले तर येणारा आकडा गणिताने बरोबर असेल, पण तेवढा पाऊस तिन्हींपैकी एकाही गावात पडत नाही. आंबेगाव तालुक्याच्या सरासरी पावसाचेही तसेच आहे. तो कागदावर पडतो, आहुप्यात पडत नाही.

घरासाठी वीज आणि पाण्याची सोय करताना, छोटा उद्योग उभारताना किंवा माहितीचे पृथक्करण करताना आपण बहुतेक निर्णय सरासरीवर घेतो. सौरपॅनेल विकणारा रोजचे सरासरी युनिट सांगतो, कर्ज देणारी संस्था महिन्याची सरासरी उलाढाल विचारते, शासकीय तक्ता महसूल मंडळाची सरासरी छापतो. आणि ज्या दिवसासाठी ते साधन घेतले त्याच दिवशी ते उपयोगी पडत नाही, कारण तो दिवस सरासरीचा नसतो. म्हणून तंत्रज्ञानाबद्दल या प्रकरणाचा सल्ला एकच आहे: साधन निवडताना सर्वांत वाईट दिवस पुढे ठेवावा, आणि तो वाईट दिवस कसा असतो हे कळण्यासाठी आपल्या जागेवरचे आकडे आपणच, रोजचे रोज, न मिसळता लिहून ठेवावेत.

घरातल्या दिव्यापासून सुरुवात करू. एका घराला ९ वॅटचे तीन दिवे पाच तास लागतात असे धरले तर १३५ वॅट-तास होतात. दोन फोनचे चार्जिंग आणि वाटेत वाया जाणारी वीज मिळवली की रोजची गरज २०० वॅट-तासांच्या आसपास जाते. महाराष्ट्रात १०० वॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४०० वॅट-तासांच्या जवळपास वीज देते, म्हणजे गरजेच्या दुप्पट. या हिशेबावर कोणीही निर्धास्त होईल. पण दाट आभाळात पॅनेलचे उत्पादन बऱ्याचदा दहा ते पंचवीस टक्क्यांवर येते, आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ आठवडाआठवडा उघडत नाही. त्या दिवसांत हेच पॅनेल ६० वॅट-तास देईल, तूट १४० ची. बारा व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी १,२०० वॅट-तासांची असते, पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य भराभर घटते, म्हणून वापरायला मिळतात ६००. तूट १४० ची असेल तर ती चार दिवस पुरते. पाचव्या दिवशी अंधार. वर्षाची सरासरी मात्र त्या अंधारातही दुप्पट वीज दाखवत राहते.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो रास्त आहे: वाईट दिवसासाठी साधन घ्यायचे तर खर्च तिप्पट-चौपट होतो, आणि डोंगरातल्या कुटुंबाने तो कुठून करायचा? उत्तर असे की वाईट दिवसाचा विचार म्हणजे मोठे साधन घेणे नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ वाईट दिवसाची गरज लहान करणे असा होतो. वरच्याच घरात पावसाळ्यापुरता एक ९ वॅटचा दिवा चार तास आणि एक ३ वॅटचा पाच तास वापरला तर फोन आणि वाया जाणारी वीज धरून गरज १०० वॅट-तासांवर येते. तूट ४० ची राहते आणि तीच बॅटरी चारऐवजी पंधरा दिवस चालते. एक रुपयाही जास्त लागलेला नाही. शिवाय पॅनेलच्या जोडीला मेनलाइनवरूनही बॅटरी भरण्याची सोय ठेवली तर मधूनमधून येणारी वीज साठवता येते. इथे एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत असायलाच हवी. १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, आणि बिल कमी करण्यासाठी ती योजना चांगलीच आहे. पण बॅटरी नसलेली, थेट मेनलाइनला जोडलेली सौरयंत्रणा लाइन गेली की आपोआप बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. म्हणजे भर उन्हात वीज गेली तरी घरात पंखा फिरणार नाही. आहुप्यासारख्या गावात प्रश्न बिलाचा कमी आणि लाइन जाण्याचा जास्त असतो. तिथे हा एक मुद्दा अनुदानाच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

पाण्याचा हिशेब याच्या उलट बाजूने तोच धडा देतो. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. घाटमाथ्यावरच्या ३० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३,००० मिलिमीटर धरले तर ९० हजार लिटर, रोजचे सरासरी अडीचशे लिटर. तरीही या पट्ट्यातल्या बायका उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणतात, कारण ते अडीचशे लिटर एप्रिलमध्ये येत नाहीत. पाचजणांच्या कुटुंबाला पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरले तर आठ कोरड्या महिन्यांना ६ हजार लिटर लागतात. १०० मिलिमीटरच्या दोन दिवसांत तेवढे छपरावरून उतरते. कमी पडतो तो पाऊस नव्हे, झाकणाची आणि गाळणीची टाकी. पहिल्या पावसाचे धुवण बाहेर सोडून द्यायचे, बाकीचे साठवायचे.

खरी कसोटी मात्र पावसाच्या नोंदीत लागते, कारण तिथे चुकीची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. याच डोंगररांगेत माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा उतार गावावर आला आणि १५१ माणसे गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याच्याकडून बातमी बाहेर पोचली. दरड कोसळण्यात त्या दिवसाच्या पावसाइतकाच आधीच्या दिवसांत मुरलेल्या पाण्याचा हात असतो. १० जूनला कोरड्या जमिनीवर पडलेले १०० मिलिमीटर आणि जुलैअखेरीस भिजून जड झालेल्या उतारावर पडलेले १०० मिलिमीटर हा एकच आकडा दिसत असला तरी डोंगरासाठी त्या दोन निराळ्या घटना आहेत. त्यामुळे महिन्याची सरासरी इथे काहीच सांगत नाही. उपयोगाची असते ती चालती बेरीज: आजचा पाऊस, मागच्या तीन दिवसांचा मिळून, मागच्या सात दिवसांचा मिळून. हे तीन आकडे रोज सकाळी वहीत मांडायला शाळेत शिकलेली बेरीज पुरते.

महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत, आणि मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. इतक्या केंद्रांचे जाळे ही मोठी कमाई आहे. परंतु एका मंडळात वीस-तीस गावे असू शकतात, आणि सह्याद्रीत एका घळीतला पाऊस शेजारच्या घळीला ठाऊक नसतो. केंद्र खालच्या बाजूला असेल तर माथ्यावरची ढगफुटी त्याच्या नोंदीत साधा पाऊस म्हणून उतरेल. स्वयंचलित मापकाची आणखी एक उणीव जाणकारांना माहीत असते: त्यातले छोटे पारडे भरले की कलंडते आणि किती वेळा कलंडले ते मोजले जाते. पाऊस फार जोराचा असेल तर कलंडण्याच्या क्षणी पडणारे पाणी मोजायचे राहते आणि आकडा कमी येतो. पालापाचोळ्याने नळी तुंबली तर तो आणखी खोटा. म्हणजे यंत्र सर्वांत कमी भरवशाचे असते ते नेमके सर्वांत मोठ्या पावसात.

दुसरा आक्षेप इथे उभा राहतो. उपग्रह डोक्यावर असताना, फोनवर तासातासाचा अंदाज मिळत असताना, गावात बाटली लावून पाऊस मोजणे हे मागे जाणे नाही का? उपग्रहांवर आधारलेले जगातले सर्वांत वापरले जाणारे पर्जन्यतक्ते साधारण दहा-अकरा किलोमीटरच्या चौकटींत माहिती देतात. आहुप्यावर अशी एक चौकट ठेवली तर तिच्यात कड्यावरचे पठारही येईल आणि कड्याखालचे कोकणही. दोन्हींचा मिळून एक आकडा. शिवाय डोंगराला आदळून कमी उंचीवरच्या ढगांतून पडणारा पश्चिम घाटातला पाऊस उपग्रहांना कमी दिसतो, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. जमिनीवरचा आकडा नसेल तर ती चूक दुरुस्त तरी कशाने करणार? केरळातल्या वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेने स्थानिक लोकांच्या मदतीने दोनशेच्या आसपास पर्जन्यमापकांचे जाळे उभे केले. ३० जुलै २०२४ ला, माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला, तिथे मोठी दरड कोसळली. आदल्या दिवशीच या संस्थेने पावसाचे आकडे पाहून प्रशासनाला सावध केले होते. माणसे तरीही गेली, आणि यावरून कोणी म्हणेल की मोजून काय मिळाले. मिळाले हे की मोजण्याची कडी जागेवर होती, तुटली ती ऐकण्याची. माळीणला मोजण्याची कडी एवढी गावाजवळ नव्हती. दोन्ही लागतात, आणि पहिली नसेल तर दुसरीचा प्रश्नच येत नाही.

मोजणी स्वस्त आहे. तळापासून तोंडापर्यंत सरळ बाजूंचे भांडे असेल तर त्यात साचलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस, साध्या पट्टीने मिलिमीटरमध्ये वाचता येतो. भांडे उघड्यावर, घर किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, हलणार नाही असे बसवावे. भांडे पुरेसे उंच हवे. रोज रिकामे केले तर २०० मिलिमीटरचे भांडे पुण्यात वर्षभर पुरेल आणि आहुप्यात ज्या रात्री त्याची गरज आहे त्या रात्री उतू जाईल. वाचन सकाळी साडेआठला घ्यावे, कारण भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हाच संपतो आणि आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. त्या खात्याच्या परिभाषेत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस धरतात. वहीत एक नियम मात्र कडक पाळावा: पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचे, वाचन घेतले नाही तर जागा रिकामी सोडायची. या दोहोंत गफलत झाली की पुढचा सगळा अभ्यास बिघडतो, आणि ही चूक मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांतही होते. रेंज क्षीण असलेल्या दिवशी इंटरनेट चालत नाही, पण साधा एसएमएस पुष्कळदा निघून जातो. म्हणून आकडा पाठवण्याची पद्धत एसएमएसचीच ठेवावी आणि वहीच्या पानाचा फोटो आठवड्याला काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे धाडावा. घरच्या वहीवरून धोक्याची रेषा घाईने ठरवू नये. प्रत्येक उताराची रेषा निराळी असते आणि ती कळायला बरीच वर्षे जातात. तोवर जमिनीला भेगा जाणे, झरा अचानक गढूळ होणे, झाडे कलणे ही लक्षणे आणि मागच्या वर्षांपेक्षा फुगलेली सात दिवसांची बेरीज एकत्र दिसली की ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला कळवायला उशीर करू नये.

उद्योगाचा विचारही याच मार्गाने जातो. आहुपे परिसरात पावसाळी पाहुणे येतात, ते शनिवार-रविवारी. समजा चार आठवड्यांत आठ सुट्टीच्या दिवशी रोज वीस पाहुणे जेवले आणि बाकीचे वीस दिवस कोणीच आले नाही. १६० पाहुणे, २८ दिवस, सरासरी जवळपास सहा. सहा माणसांच्या अंदाजाने चूल, भांडी आणि अंथरूण-पांघरूण घेणारा सोमवारी वाया घालवील आणि शनिवारी माणसे परत पाठवील. सरासरी फसवते म्हणून मध्यक घ्यावा असे पुस्तके सांगतात, पण इथे मध्यक शून्य येतो, म्हणजे धंदाच नाही असे तो सांगतो. दोन्ही आकडे गणिताने खरे आणि दोन्ही निरुपयोगी. कळते ते २८ ओळींची यादी डोळ्यांखालून घातल्यावर, आणि ती करायला कोणतेही महागडे ॲप लागत नाही. हिरड्याचे तर आणखी स्पष्ट आहे. कोवळा बाळहिरडा वेचून, वाळवून विकणे हे इथल्या महादेव कोळी कुटुंबांचे उन्हाळ्यातले रोख उत्पन्न. वळवाची एक सर वाळवणावर आली की त्या खेपेचा रंग आणि कस उतरतो. औषधी कारखान्याला थेट माल देऊ पाहणाऱ्या तरुण गटाने ध्यानात ठेवावे की खरेदीदार दहा गोण्यांची सरासरी काढत नाही, बुरशीची एक गोणी निघाली की सगळी गाडी परत पाठवतो. म्हणून प्रत्येक खेपेचे ओले वजन, सुके वजन, तारीख आणि त्या दिवशीचे आभाळ निराळे लिहावे, खेपा एकमेकींत मिसळू नयेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातल्या हिरड्याची हानी केली, तेव्हा भरपाईसाठी इथल्या आदिवासी शेतकऱ्यांना कित्येक वर्षे आंदोलन करावे लागले. अशा वेळी कोणाची किती झाडे आणि दर झाडाला किती माल, हे आधीच लिहिलेले असणे हा मोठा आधार ठरतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांचीही नोंद फोटोसह करता येते. ती दरवर्षी करावी.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा असतो: सरासरी टाकून दिली तर संख्याशास्त्रच उरत नाही. सरासरी टाकायची नाही, ती कशासाठी वापरायची ते ठरवायचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ च्या आपल्या अभ्यासात दारिद्र्याची रेषा रोजच्या २,२५० उष्मांकांवर आखली. सुखात्म्यांचे म्हणणे होते की माणसामाणसाची गरज निराळी असते आणि एकाच माणसाचीही ती दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरी गरजेखालचा प्रत्येकजण उपाशी धरणे चूक आहे. दांडेकरांसह अनेकांनी त्यांना विरोध केला, आणि सुखात्म्यांच्या हिशेबाने भुकेले लोक मोजणीतून सुटतील ही विरोधकांची भीती गैरवाजवी नव्हती. पण आकड्यातला चढउतार हा कचरा नसून स्वतःच माहिती असते, हा सुखात्म्यांचा मुद्दा त्या वादापलीकडे टिकून राहिला. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिचे काम सरासरीवरच चालते. दूरच्या आकाशगंगेचा क्षीण संदेश असंख्य मोजण्या एकत्र केल्याशिवाय हाती येत नाही. तरीही तिथले शास्त्रज्ञ आधी कच्च्या नोंदी तपासतात, फोन आणि विजेच्या तारांच्या गोंगाटाने बिघडलेल्या नोंदी बाजूला काढतात, मगच बेरीज करतात. कच्चा आकडा हातात असला तर सरासरी केव्हाही काढता येते. नुसती सरासरी हातात असली तर कच्चा आकडा परत मिळत नाही.

त्यामुळे घरासाठी, गटासाठी किंवा गावासाठी कोणतेही यंत्र, ॲप किंवा सेवा घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात. रोजच्या कच्च्या नोंदी आम्हाला आमच्याकडे उतरवून घेता येतील का, आणि वीज, रेंज व ऊन तिन्ही नसलेल्या आठवड्यात हे काय करील. पहिल्याचे उत्तर नाही असेल तर पैसे देऊ नयेत. दुसऱ्याचे उत्तर सरासरीत मिळाले तर जुलैचे आकडे मागावेत. आणि येत्या १ जूनला सकाळी साडेआठ वाजता, भांडे कोरडे असले तरी, वहीच्या पहिल्या ओळीत तारीख घालून शून्य लिहावे.